आवडत्या रहस्यकथाकाराचें नवें पुस्तक

सामाजिक कादंबरी अर्धीच वाचून झाली असली तरी तिच्याविषयीं चार माणसांत बोलतां येतें. नायिकेचें वागणें योग्य कीं अयोग्य, सासूचें चित्र अतिरंजित झालें आहे काय, लेखकाची भाषा जड आहे कीं सोपी, या वादाला शेवटच्या पानाची गरज नसते. रहस्यकथेचें तसें नाहीं. खून कोणीं केला हें ज्याला कळलें आहे आणि ज्याला अद्याप कळावयाचें आहे, अशीं दोन माणसें एका बैठकीवर आलीं, कीं पहिल्यानें तोंड उघडणें धोक्याचें आणि दुसऱ्यानें कान उघडे ठेवणें त्याहून धोक्याचें. एकदां फुटलेलें रहस्य पुन्हां झांकतां येत नाहीं. वाचनालयाच्या प्रतींत पहिल्याच पानावर पेन्सिलीनें खुन्याचें नांव लिहून ठेवणारे महाभाग सर्वांच्या परिचयाचे आहेत; रबरानें अक्षर पुसलें तरी तें नांव वाचणाऱ्याच्या मनांतून पुसलें जात नाहीं.

यामुळें दहाबारा माणसांनीं मिळून रहस्यकथा वाचण्याचें ठरविलें, म्हणजे त्या मंडळापुढें चमत्कारिक अडचणी उभ्या राहतात. आवडत्या लेखकाचें नवें पुस्तक प्रसिद्ध होतें; वाचनालयांत त्याची एकच प्रत येते. ती प्रथम कोणाच्या हातीं जावी? ज्याच्या हातीं जाईल त्यानें पुढचे दोन महिने मौन कसें पाळावें? शिवाय नवें म्हणून जें हातीं आलें तें खरोखर नवें आहे काय, आणि आवडत्या लेखकाचें म्हणून जें आलें तें त्याच लेखकानें लिहिलें आहे काय? हे प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशीं लेखक आणि वाचक यांच्यामधील एक जुना करार आहे, आणि तो मुख्यतः इंग्लंडांत घडला. तो कसा घडला हें पाहिलें म्हणजे नव्या पुस्तकाचें स्वागत कसें करावें हें ठरविणें सोपें जातें.

रहस्यकथेचा जन्म सामान्यतः १८४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाच्या ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ या गोष्टीपासून धरतात. परंतु पुढें काय होणार याची सामुदायिक उत्कंठा प्रथम पाहावयास मिळते ती विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ या कादंबरीच्या वेळीं. या कादंबरीचा संबंध हिंदुस्थानाशीं आहे. देवमूर्तीच्या कपाळावरील पिवळा हिरा १७९९ मधील श्रीरंगपट्टणच्या लुटींत एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हातीं लागतो आणि पुढें इंग्लंडांतील एका घरांतून तो नाहींसा होतो, अशी ही कथा. ती १८६८ च्या ४ जानेवारीपासून ८ ऑगस्टपर्यंत डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकांत क्रमशः आली. नव्या अंकाच्या दिवशीं कचेरीबाहेर लोकांची गर्दी होई आणि ओझीं वाहणारीं पोरेंसुद्धां पाठीवरील गठ्ठा तसाच ठेवून आडोशाला अंक वाचीत उभीं राहत, असें त्या कादंबरीचे प्रकाशक टिन्स्ले यांनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. हिरा शेवटीं कोठें सांपडणार यावर पैजा लागत. त्या सात महिन्यांत वाचकांचें एक अफाट वाचनमंडळच बनलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. आणि त्या मंडळाला एक मोठी सोय लाभली होती. शेवटचें पान कोणाच्याच हातीं नव्हतें. सगळे वाचक एकाच वेळीं एकाच ठिकाणीं अडलेले असल्यामुळें कोणाला कोणाची भीति नव्हती. पुस्तक सबंध छापून एकदम हातीं येऊं लागलें तेव्हां ही सोय गेली.

यानंतर शेरलॉक होम्सची हकीकत येते, व ती जराशी सविस्तर सांगितली पाहिजे. पोर्ट्समथ शहराच्या साउथसी या भागांत वैद्यकी करणारे तरुण डॉक्टर आर्थर कॉनन डॉइल यांची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही कादंबरी १८८७ सालीं नाताळच्या एका खास अंकांत प्रसिद्ध झाली. तिचे सर्व हक्क त्यांनीं अवघ्या २५ पौंडांस विकून टाकले होते. पुढें १८९१ च्या जानेवारींत ‘स्ट्रँड’ नांवाचें सचित्र मासिक निघालें आणि जुलैच्या अंकापासून होम्सच्या लघुकथा त्यांत येऊं लागल्या. या कथांची युक्ति अशी, कीं नायक तोच, त्याचा मित्र डॉ. वॉटसन तोच, बेकर स्ट्रीटवरील बिऱ्हाड तेंच. परंतु प्रत्येक अंकांतील गोष्ट मात्र स्वयंपूर्ण. एखादा अंक चुकला तरी वाचकाचा धागा तुटत नसे, आणि पुढचा अंक घेतल्यावांचून मात्र राहवत नसे. आवडत्या लेखकाच्या नव्या पुस्तकासाठीं ताटकळत बसणारा आजचा वाचक या युक्तींतून जन्माला आला आहे.

वाचक खूष झाला. लेखक मात्र झाला नाहीं. डॉइल यांना आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा अभिमान होता, आणि होम्समुळें अधिक मोलाच्या कामावरून आपलें लक्ष उडतें असें त्यांना वाटे. पहिलें वर्ष संपण्यापूर्वींच, नोव्हेंबर १८९१ मध्यें, या पात्राचा कायमचा निकाल लावण्याचा विचार त्यांनीं आईला पत्रानें कळविला. त्या माउलीनें त्यांना तसें करूं दिलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर पुढच्या एका गोष्टीची कल्पनाहि तिनेंच पुरविली. आणखी बारा गोष्टींची मागणी झाली तेव्हां संपादक नकार देईल या अपेक्षेनें डॉइल यांनीं एक हजार पौंडांची रक्कम सांगितली. संपादकानें ती तात्काळ कबूल केली! अखेर डिसेंबर १८९३ च्या अंकांत ‘द फायनल प्रॉब्लेम’ ही गोष्ट आली आणि स्वित्झर्लंडांतील रायखेनबाख धबधब्याच्या कड्यावरून होम्स नाहींसा झाला.

यावर वीस हजार वर्गणीदारांनीं ‘स्ट्रँड’ बंद केला असें सांगण्याची रीत आहे. लंडनमधील तरुण दंडाला काळ्या फिती बांधून हिंडत होते अशीहि आख्यायिका आहे. तिला त्या काळच्या वर्तमानपत्रांतून आधार सांपडत नाहीं, तेव्हां ती गोड असली तरी बाजूला ठेवावी. डॉइल यांच्याकडे रागावलेल्या वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला एवढें मात्र खरें. १९०१ सालीं ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ सुरू झाली, परंतु ती होम्सच्या मृत्यूपूर्वींची हकीकत म्हणून. शेवटीं १९०३ सालीं, जवळजवळ दहा वर्षांनीं, होम्स जिवंत परत आला. एकंदर ५६ लघुकथा व ४ कादंबऱ्या यांपैकीं ३२ लघुकथा व २ कादंबऱ्या त्या धबधब्यानंतरच्या आहेत. शेवटची गोष्ट १९२७ सालीं ‘स्ट्रँड’मध्यें आली, आणि १९३० सालीं डॉइल निवर्तले. ज्या पात्राला त्यांनीं ऐन चौतिशींत कड्यावरून लोटलें, त्याच्यासाठीं सत्तरीजवळ येईपर्यंत त्यांना लेखणी झिजवावी लागली. नव्या पुस्तकाची वाट पाहणाऱ्या वाचकाचें प्रेम लेखकाच्या पायांत बिडीसारखें कसें अडकतें याचें इतकें स्पष्ट उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

डॉइल यांच्या निधनाच्याच वर्षीं, म्हणजे १९३० सालीं, लंडनमध्यें दोन निरनिराळ्या संस्था निघाल्या, व दोहोंच्या नांवांतील साम्यामुळें पुष्कळांची गल्लत होते. पहिली ‘क्राइम क्लब’. हा नांवापुरताच क्लब. वस्तुतः ती कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेची पुस्तकमाला होती. वाचकानें आपलें नांव व पत्ता कळवावा. वर्गणी नाहीं, पुस्तक घेण्याचें बंधन नाहीं. दर तीन महिन्यांनीं नव्या व आगामी पुस्तकांची माहिती देणारें पत्रक त्याला घरपोंच मिळे. आवडत्या लेखकाचें नवें पुस्तक केव्हां येणार हें कळविण्याची ही पद्धत इतकी यशस्वी झाली, कीं ती माला १९९४ पर्यंत चालली व तींत दोन हजारांच्या घरांत पुस्तकें निघालीं. मिस मार्पल या वृद्ध कुमारिकेची पहिली कादंबरी, ॲगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’, त्याच पहिल्या वर्षांतील. पुढें दर नाताळाला ख्रिस्तीबाईंचें एक नवें पुस्तक ही इंग्लंडांतील घरोघरची चालच पडून गेली, आणि प्रकाशकांनींहि तिचाच जाहिरातींत घोष केला. आपल्याकडे दिवाळी अंकाची जशी वाट पाहतात, तशांतलाच हा प्रकार.

दुसरी संस्था ‘डिटेक्शन क्लब’. हें लेखकांचें मंडळ. फादर ब्राउनचे जनक जी. के. चेस्टरटन हे त्याचे पहिले अध्यक्ष. नव्या सभासदाला मानवी कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे. या विधींत थट्टेचा भाग पुष्कळ असला तरी शपथेचा गाभा थट्टेचा नव्हता. आपला गुप्तहेर दैवी साक्षात्कारानें, केवळ योगायोगानें किंवा मंत्रतंत्रानें गुन्हा उलगडणार नाहीं, आणि उलगड्यास आवश्यक अशी कोणतीहि खूण वाचकापासून लपविली जाणार नाहीं, असें वचन त्यांत होतें. त्याच्या आदल्याच वर्षीं रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकानें रहस्यकथेचे दहा नियम छापून काढले होते; त्यांचाहि आशय हाच. हाच तो करार. गुप्तहेराला जें दिसतें तें वाचकालाहि दिसलें पाहिजे. मग तो हरला तर तो त्याचा दोष.

करार मोडला कीं पाळला, हा वाद तत्पूर्वींच, १९२६ सालीं, ख्रिस्तीबाईंच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’वरून एकदां माजून गेला होता. तो वाद नेमका कशावरून झाला हें येथें सांगतां येत नाहीं. ज्यांनीं ती कादंबरी वाचली आहे त्यांना तें ठाऊक आहे, आणि ज्यांनीं वाचली नाहीं त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. लेखिकेनें फसवणूक केली असें कांहींचें म्हणणें. उलट डॉरथी सेयर्स यांनीं असें सांगितलें, कीं प्रत्येकाचा संशय घेणें हें वाचकाचें कामच आहे. वाचनमंडळानें एखादें जुनें पुस्तक निवडावयाचें म्हटलें तर वादासाठीं याहून चांगलें पुस्तक मिळणें कठीण.

नव्या पुस्तकाच्या मागणीचा ताण पुढच्या पिढीलाहि चुकला नाहीं. हर्क्युल पॉइरो या बेल्जियन गुप्तहेराला ख्रिस्तीबाई फार लवकर कंटाळल्या होत्या. त्यांनीं आपल्या कादंबऱ्यांत ॲरियाडनी ऑलिव्हर नांवाची एक लेखिका आणली आहे. तिचा मानसपुत्र फिनलंडचा गुप्तहेर, आणि त्या बाईला फिनलंडची कांहींच माहिती नसल्यामुळें व वाचक तर त्यालाच मागत असल्यामुळें ती अगदीं हैराण झालेली असते. ही थट्टा कोणाची हें ओळखणें अवघड नाहीं. तरीहि पॉइरोच्या ३३ कादंबऱ्या झाल्याच. सेयर्सबाईंनीं मात्र वेगळा मार्ग पत्करला. १९३७ च्या ‘बसमन्स हनिमून’नंतर लॉर्ड पीटर विम्झीची एकहि कादंबरी त्यांनीं पुरी केली नाहीं, पुढें त्या दान्ते या इटालियन महाकवीच्या भाषांतरांत रमल्या. स्कॉटलंडच्या इयन रँकिन यांची अडचण आणखीच निराळी. १९८७ सालीं त्यांनीं निर्माण केलेल्या इन्स्पेक्टर रीबसचें वय खऱ्या कालमानाप्रमाणें वाढत गेलें, आणि साठावें वर्ष गांठतांच नियमाप्रमाणें २००७ च्या ‘एक्झिट म्युझिक’ या कादंबरींत त्याला सेवानिवृत्त व्हावें लागलें. पांच वर्षांनीं, २०१२ सालीं, तो पुन्हां आला. सेवानिवृत्ति ही रायखेनबाखच्या धबधब्याइतकी खोल नसते.

आतां नवें या शब्दाकडे वळावयास हरकत नाहीं. पुस्तक प्रसिद्ध झाल्याचें साल आणि तें लिहिल्याचें साल हीं एकच असतात असें वाचक गृहीत धरतो. ‘कर्टन’ ही पॉइरोची अखेरची कादंबरी सप्टेंबर १९७५ मध्यें प्रसिद्ध झाली; परंतु ती लिहिली गेली होती दुसऱ्या महायुद्धांत, लंडनवर बाँब पडत होते त्या दिवसांत. आपलें कांहीं बरेंवाईट झालें तर मुलीसाठीं कांहीं असावें म्हणून ख्रिस्तीबाईंनीं तें हस्तलिखित तिच्या नांवें करून कुलपांत ठेवलें होतें. मिस मार्पलची ‘स्लीपिंग मर्डर’ ही अशीच पतीच्या नांवें ठेवलेली. ती १९७६ च्या ऑक्टोबरांत, लेखिकेच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांनीं, बाहेर आली. पंचाऐशीं वर्षांच्या लेखिकेचें नवें पुस्तक म्हणून ज्यांनीं ‘कर्टन’ उघडलें, त्यांच्या हातीं वस्तुतः पन्नाशींतल्या लेखिकेचा भर बहरांतील ग्रंथ पडला. या पुस्तकाच्या बाबतींत आणखी एक प्रकार घडला. तें वाचकांच्या हातीं पडण्यापूर्वींच, १९७५ च्या ६ ऑगस्टला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें पॉइरोचा मृत्युलेख पहिल्या पानावर छापला. एका काल्पनिक व्यक्तीचा हा केवढा सन्मान! परंतु ज्यांना शेवट आधीं कळावयास नको होता त्यांनीं त्या सकाळीं काय करावें?

भाषांतरांत तर नव्याजुन्याचा घोटाळा फारच होतो. नॉर्वेचे यू नेस्बो यांच्या हॅरी होल या पोलीस अधिकाऱ्याच्या मालिकेंतील पहिली कादंबरी १९९७ ची. इंग्रजींत मात्र प्रथम अवतरली ती पांचवी, ‘द डेव्हिल्स स्टार’, २००५ सालीं. तिच्या आधींची ‘द रेडब्रेस्ट’ ही तिच्यानंतर एक वर्षानें, आणि अगदीं पहिली ‘द बॅट’ या नांवानें थेट २०१२ सालीं. वाईट एवढेंच, कीं ‘द रेडब्रेस्ट’मध्यें सुरू झालेलें एक सूत्र ‘द डेव्हिल्स स्टार’मध्यें संपतें. प्रसिद्धीच्या क्रमानें घेत गेलेल्या इंग्रजी वाचकाला उत्तर आधीं व प्रश्न मागून मिळाला. इंग्रजीवरून मराठींत उतरलेल्या पुस्तकांच्या बाबतींतहि हीच दक्षता घ्यावयास हवी. मूळ भाषेंतील साल पाहावें. तें बहुधा पहिल्या पानामागें बारीक टाइपांत छापलेलें असतें.

एकच पुस्तक दोन नांवांनीं मिळतें ही आणखी एक खोड. १९३४ ची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ अमेरिकेंत ‘मर्डर इन द कॅले कोच’ म्हणून निघाली. न वाचलेली म्हणून ती उत्साहानें विकत घ्यावी आणि तिसऱ्या पानावर ओळखीचीं माणसें भेटावीं, हा अनुभव पदरचे पैसे खर्चून घेण्यासारखा नाहीं.

नांवाची मोहिनी केवढी असते हें २०१३ सालीं फार चांगलें दिसून आलें. त्या वर्षींच्या एप्रिलमध्यें रॉबर्ट गॅलब्रेथ या अपरिचित लेखकाची ‘द कुकूज कॉलिंग’ ही पहिलीच कादंबरी प्रसिद्ध झाली. समीक्षकांनीं बरें म्हटलें. खप मात्र बेताचा, पहिल्या तीन महिन्यांत ब्रिटनमध्यें दीड हजार प्रतींच्या आसपास. तत्पूर्वीं तें हस्तलिखित एका संपादिकेनें साभार परतहि केलें होतें, असें तिनेंच पुढें कबूल केलें. जुलैमध्यें वर्तमानपत्रानें बातमी फोडली, कीं गॅलब्रेथ म्हणजे हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग. त्यासरशी पुस्तक खपाच्या यादींत अगदीं वर जाऊन बसलें. एक अक्षरहि बदललें नव्हतें. जें वाचनमंडळ केवळ आवडत्या नांवांचीच वाट पाहत बसतें, त्याच्या हातून एप्रिल महिन्यांतील असें एखादें पुस्तक निसटत असतें. म्हणून वर्षांतून निदान एक महिना अनोळखी लेखकासाठीं राखून ठेवावा हें बरें.

उलटपक्षीं, नांव ओळखीचें आणि हात मात्र दुसऱ्याचा, असाहि प्रकार आतां रूढ झाला आहे. २०११ सालीं अँथनी होरोविट्झ यांनीं डॉइल यांच्या वारसांच्या संमतीनें होम्सची ‘द हाउस ऑफ सिल्क’ ही कादंबरी लिहिली. २०१४ सालीं सोफी हॅना यांनीं ख्रिस्तीबाईंच्या वारसांच्या संमतीनें पॉइरोला परत आणलें. सेयर्सबाईंनीं अर्धवट टाकलेली कादंबरी जिल पॅटन वॉल्श यांनीं पुरी करून ती १९९८ सालीं छापली गेली. यांत लबाडी कांहींच नाहीं, कारण खऱ्या लेखकाचें नांव वेष्टनावर स्वच्छ असतें. परंतु अशा पुस्तकाकडे नवा लेखक म्हणूनच पाहावें. दिवंगत लेखकाचें आणखी एक पुस्तक म्हणून पाहिल्यास दोघांवरहि अन्याय होतो.

आवडत्या लेखकाच्या नव्या पुस्तकासाठीं ताटकळणें महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. चंद्रकांत सखाराम चव्हाण ऊर्फ बाबूराव अर्नाळकर यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय हे नायक वाचनालयाच्या पायरीवर बसलेल्या मुलांना घरच्या माणसांहून जवळचे वाटत. त्यांचें नवें पुस्तक आलें, कीं तें एका घरांत एका रात्रींत तिघांच्या हातून जाई आणि सकाळीं शेजारी पोंचे. मात्र या कथांचा पिंड ख्रिस्तीबाईंच्या कथांहून वेगळा. गुन्हा कोणीं केला यापेक्षां नायक या पेंचांतून सुटतो कसा, ही उत्कंठा तेथें मोठी. त्यामुळें आधीं वाचलेल्यानें घाईघाईनें कांहीं सांगून टाकलें तरी ऐकणाराचें फार बिघडत नसे. उलट त्याची भूक वाढे. मंडळानें पुस्तक निवडतांना हा भेद लक्षांत घ्यावा. पाठलागाची कथा उघड चर्चा सहन करते. कोड्याची कथा करीत नाहीं.

कोड्याच्या कथांमध्यें क्रमाची शिस्त किती आवश्यक आहे, याचा पुरावा ख्रिस्तीबाईंच्याच पुस्तकांतून मिळतो. १९३७ च्या ‘डम विटनेस’मध्यें पॉइरो बोलण्याच्या ओघांत पूर्वींच्या चार कादंबऱ्यांतील अपराध्यांचीं नांवें उच्चारून जातो! १९३६ च्या ‘कार्ड्स ऑन द टेबल’मध्येंहि ओरिएंट एक्स्प्रेसच्या प्रकरणाचें मर्म असेंच एका वाक्यांत बाहेर पडतें. स्वतः लेखिकेच्या हातून जें घडलें तें मंडळांतील एखाद्या उत्साही गृहस्थाच्या हातून घडल्यास त्याला फार बोल लावूं नये. पण मंडळानें मालिकेचा आरंभ पहिल्या पुस्तकापासून केलेला बरा. अलीकडील लेखकांपैकीं रिचर्ड ऑस्मन यांची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ ही मालिका अशा मंडळांना विशेष रुचेल, कारण तिचे नायकनायिका म्हणजे वृद्धांच्या वसाहतींत दर गुरुवारीं जमून न उलगडलेले जुने खून चर्चिणारीं चार सेवानिवृत्त माणसेंच आहेत. पहिलें पुस्तक २०२० चें. पुढचीं तीन २०२१, २०२२ व २०२३ अशीं ओळीनें आलीं. २०२४ सालीं लेखकानें त्यांना विश्रांति देऊन ‘वी सॉल्व्ह मर्डर्स’मध्यें निराळींच पात्रें घेतलीं, आणि २०२५ सालीं ‘द इम्पॉसिबल फॉर्च्यून’मध्यें जुनी चौकडी पुन्हां जमली. या सालांत डॉइल यांची सावली दिसते. फरक इतकाच, कीं येथें कोणाला कड्यावरून लोटावें लागलें नाहीं.

राहतां राहिला तो एकाच प्रतीचा व मौनाचा प्रश्न. यावर उपाय एलरी क्वीन या टोपणनांवानें लिहिणाऱ्या दोघा अमेरिकन बंधूंनीं, नात्यानें ते मावसभाऊ, १९२९ सालींच सुचवून ठेवला आहे. त्यांच्या आरंभींच्या कादंबऱ्यांत उलगड्यापूर्वीं कथा थांबते आणि लेखक वाचकाला आव्हान देतो: सर्व धागेदोरे आतां आपल्या हातीं आले आहेत, उत्तर सांगा पाहूं. इतर पुस्तकांत ही जागा मंडळाच्या चिटणिसानें ठरवावी. तोच एकटा आधीं पुस्तक संपवील. उलगड्याचीं पानें तो दोऱ्यानें बांधून ठेवील. प्रत हातोहात फिरेल, परंतु दोरा कोणी सोडणार नाहीं. सर्वांचें तेथपर्यंत वाचून झालें, कीं प्रत्येकानें आपला तर्क व त्याचीं कारणें चिठीवर लिहून चिटणिसाकडे द्यावींत, आणि मग शेवटचीं प्रकरणें बैठकींत मोठ्यानें वाचावींत. मूनस्टोनच्या वाचकांना जी सोय आपोआप मिळाली होती, ती अशा रीतीनें थोड्या खटपटीनें परत मिळवितां येते. नुसतें नांव बरोबर आलें म्हणून शाबासकी देऊं नये. खूण कोणत्या पानावर दिसली हें सांगतां आलें पाहिजे.

हा प्रयोग करून पाहावयास डिटेक्शन क्लबच्याच सभासदांनीं १९३१ सालीं मिळून लिहिलेली ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही कादंबरी उत्तम. तिचीं बारा प्रकरणें आहेत, व प्रत्येकाचा लेखक निराळा. दोघे पतिपत्नी तेवढे मिळून एक प्रकरण लिहितात. पुढच्यानें मागच्यांचें लिखाण वाचावयाचें, त्यांतील सर्व अडचणी पत्करावयाच्या आणि स्वतःच्या मनाशीं एक निश्चित उलगडा धरूनच आपलें प्रकरण लिहावयाचें. चौथें प्रकरण ख्रिस्तीबाईंचें, सातवें सेयर्सबाईंचें. आठव्यांत नॉक्स यांनीं आपल्या एकोणचाळीस शंकांची यादीच देऊन टाकली आहे. शेवटचें प्रकरण अँथनी बर्कली यांच्या वांट्याला आलें आणि साऱ्यांनीं घातलेल्या गांठी त्यांना एकट्यांना सोडवाव्या लागल्या. बहुतेक लेखकांनीं मनाशीं धरलेले उलगडे पुस्तकाच्या अखेरीस स्वतंत्र छापले आहेत. तीं पानें आधीं उघडूं नयेत. बारा बैठकींत बारा प्रकरणें वाचावीं, दर बैठकीला सभासदांच्या चिठ्या घ्याव्या, आणि तेराव्या बैठकीला त्या चिठ्या व लेखकांचे उलगडे शेजारीं शेजारीं मांडून पाहावे.